टोपी, घाई आणि दोन झाकणं

३ फेब्रुवारी

अकरा महिने या वहीला हात लावला नाही. शेवटची नोंद काढून पाहिली, तर तिथे एकच वाक्य: 'आजपासून रोज लिहायचं.' आधी शरम वाटली, मग हसू आलं. माफी मागते. वहीची की स्वतःची हे सांगता येणार नाही, पण मागते.

मधल्या काळातलं थोडक्यात. कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतली माझी सतरा वर्षांची नोकरी संपली, कारण प्रयोगशाळाच संपली. आता प्रयोग पडद्यावर दाखवतात. शेवटच्या आठवड्यात सहा जुने लॅपटॉप भंगारात निघाले होते, ते मी रीतसर अर्ज करून मागून घेतले. घरी आणून उघडले. चार चालू झाले. त्या दिवशीचा आनंद मी तेव्हा लिहून ठेवायला हवा होता, आता तसा जमणार नाही. तेव्हापासून पुढची खोली म्हणजे माझं दुकान आहे. लोक दहा-दहा वर्षांचे लॅपटॉप आणतात. बहुतेकांचं दुखणं एकच असतं. पंख्यात बोटभर धूळ, प्रोसेसरवरची पेस्ट वाळून खडूसारखी झालेली, रॅम अपुरी, आणि आत फिरणारी जुनी हार्ड डिस्क. धूळ काढायची, नवी पेस्ट लावायची, रॅम वाढवायची, हार्ड डिस्कवरचं सगळं जसंच्या तसं एसएसडीवर उतरवून ती बसवायची. दहा मिनिटं कण्हत उठणारं यंत्र बारा सेकंदांत उठतं.

वही आज उघडली कारण कॉलेजचं पत्र आलंय. परीक्षा विभागात जागा आहे, एक मार्चपासून, कायमची. अठ्ठावीस तारखेपर्यंत सहीनिशी उत्तर हवंय. घेऊ की नको, हे ठरवायचंय, आणि मला लिहिल्याशिवाय विचार करता येत नाही.

५ फेब्रुवारी

आईंबद्दल लिहायला हवं, कारण या धंद्याचा सगळ्यात जास्त त्रास त्यांनाच होतोय.

सासूबाई त्र्याहत्तर वर्षांच्या आहेत. माझं दुकान सुरू होईपर्यंत त्या दुपारी दोन तास झोपायच्या. आता बिचाऱ्या दहा वाजल्यापासून दाराशी खुर्ची टाकून बसतात. केस नीट विंचरलेले, चष्म्याला नवी साखळी. मी कितीदा म्हटलं, "आई, तुम्ही आत पडा, मी बघते." तर म्हणतात, "तुझी मान त्या डब्यात. दारात कोण आलं, कोण गेलं, तुला काय कळणार?" म्हणजे माझ्या निष्काळजीपणामुळे त्यांना बसावं लागतं.

आलेल्या लॅपटॉपची चिठ्ठी त्याच लिहितात. मी छापील तक्ता करून दिला होता: नाव, फोन, पत्ता, तक्रार. तो त्यांनी कपाटात घातला. त्यांच्या चिठ्ठ्या अशा असतात: 'खोकला. चार्ज होत नाही. मुलगी परदेशी.' 'हिरवी छत्री. कीबोर्डचं बटण तुटलंय, जास्त बोलू नये, दाढ काढली.' नाव कुणाचंच नाही. गंमत म्हणजे माणूस परत आला की चिठ्ठी न वाचता त्याचा लॅपटॉप पुढे करतात. पण पद्धत म्हणून हे चूक आहे. मी ठामपणे सांगायला हवं. उद्या सांगेन.

६ फेब्रुवारी

सांगितलं नाही.

७ फेब्रुवारी

आज एकाच दिवसात दोन सारखे लॅपटॉप आले. सारखे म्हणजे अगदी जुळे. काळे, जाडजूड, तेच मॉडेल, तेच वय. नगररचना कार्यालयाने कर्मचाऱ्यांना दिलेले, आणि निवृत्तीच्या वेळी 'न्या घरी' म्हणून सोडलेले. त्यांच्या पेन्शनच्या खिडकीशी मी महिन्यापूर्वी एक पत्रक लावलं होतं, त्याचं हे फळ.

सकाळी आले ते गृहस्थ उंच, लोकरी टोपी घातलेले, गुडघ्यांनी अधू. यांनी कार्यालयाच्या तळमजल्यावर आराखडे काढले. चिठ्ठी: 'टोपी. हळू चालतो (लॅपटॉपही).' दुपारी आल्या त्या बाई उभ्यानेच बोलल्या. "बसत नाही, घाईत आहे," असं म्हणत अर्धा तास आईंशी बोलल्या. यांचं काम तिसऱ्या मजल्यावर, आराखडे तपासण्याचं. चिठ्ठी: 'घाई. पंखा ओरडतो. पाठ दुखते.'

दोघंही गेल्यावर आई म्हणाल्या, "अगं, दोघांचा पासवर्ड एकच आहे."

"आई! गिऱ्हाइकाचा पासवर्ड मोठ्याने बोलायचा नसतो."

"मी कुठे बोलले? एकच आहे एवढंच म्हटलं."

"तेही म्हणायचं नाही."

त्यांनी तोंडावर बोट ठेवलं, पण डोळे हसत होते. मला वाटतं त्यांना माझा नियम मनातून पटलेला नाही. माझा नियम सोपा आहे: यंत्र उघडायचं, माणूस उघडायचा नाही. कुणाच्याही फाइली मी पाहत नाही. चालू होतो का, पंखा शांत आहे का, तापमान किती, एवढं बघते आणि मान वळवते.

९ फेब्रुवारी

दोघे जुळे एकदम टेबलावर घेतले. एकच काम दोनदा करण्यात एक लय असते. खालच्या झाकणाचे अकरा-अकरा स्क्रू. तीन आखूड, आठ लांब. लांब स्क्रू आखूड जागी गेला तर आतल्या बोर्डात घुसतो आणि सगळं संपतं. म्हणून मी पुठ्ठ्यावर झाकणाचं चित्र काढते आणि प्रत्येक स्क्रू त्याच्या त्याच्या जागी टोचून ठेवते. पंख्यातून मांजराच्या पिलाएवढा धुळीचा गोळा निघाला. आईंना दाखवला. त्या म्हणाल्या, "याचं नाव काय ठेवायचं?"

दोन्ही झाकणं आतून चिकट होती. आईंनी 'टोपी', 'घाई' लिहून चिकटवलेल्या पट्ट्या बाहेरच्या बाजूला होत्या, त्यांना धक्का न लावता साबणाच्या फडक्याने पुसून खिडकीत उन्हाला लावून ठेवली. तोवर जुन्या डिस्कवरचं सगळं नव्यावर उतरलं, रॅम बसली, पेस्ट लावली. पेस्ट किती लावायची याबद्दल जगात फार भांडणं आहेत. मी अर्ध्या वाटाण्याएवढी लावते.

दोन्ही बंद करून बटण दाबलं. बारा सेकंद. तेरा सेकंद. दोन्हीकडे कार्यालयाचं तेच निळं चित्र. प्रत्येक वेळी आई दारातून ओरडल्या, "उठला गं!" हे त्या रोज करतात. समोरच्या इस्त्रीवाल्यालाही आता सवय झालीय, तोही हात वर करतो.

११ फेब्रुवारी

टोपी आणि घाई आपापले लॅपटॉप घेऊन गेले. झाकणावरची पट्टी बघून दिले, चालू करून दाखवले, 'पाहिलं, चालू आहे' यावर सह्या घेतल्या. टोपींनी बटण दाबून घड्याळाकडे पाहिलं, पुन्हा बंद केला, पुन्हा चालू केला. तीनदा. "ताई, माझ्याआधी हाच उठतोय की हो!" घाईंनी सही केली, "बसत नाही," म्हणाल्या आणि पंधरा मिनिटांनी गेल्या.

मला अशा दिवशी कॉलेजचं पत्र आठवतसुद्धा नाही. हे चांगलं की वाईट?

१५ फेब्रुवारी

आज आईंना सरळ विचारलं. "आई, ती परीक्षा विभागाची नोकरी घेऊ का?"

भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "घे की. तुझं शिक्षण, तुझी नोकरी. मी कोण सांगणार?"

"म्हणजे दुकान बंद होईल. तुम्हाला दुपारी झोपता येईल."

"हो ना. झोपेन. झोपून झोपून कंटाळा आला की उठेन, आणि मग परत झोपेन."

संध्याकाळी स्वयंपाकघरात भांड्यांचा बराच आवाज येत होता. म्हणजे त्यांनाही मोकळं वाटलं असावं. नवऱ्याला सांगितलं तर तो माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, "तुला खरंच वाटतं, आई खूश झाली?" मी म्हटलं, "स्वतःच्या तोंडाने 'घे' म्हणाल्या." तो लिफ्ट दुरुस्त करतो, त्यामुळे त्याला प्रत्येक गोष्टीत कुठेतरी काहीतरी अडकलंय असं वाटतं.

तरीही मी उत्तर लिहिलेलं नाही. का नाही? स्वतःला प्रामाणिकपणे विचारलं. उत्तर आलं: स्क्रू. मला स्क्रू आवडतात. या वयात हे उत्तर चालेल का?

१८ फेब्रुवारी

टोपी आणि घाईंच्या जुन्या डिस्क आज पूर्ण पुसल्या. सात दिवस थांबायचं, कुणाची तक्रार आली नाही की वरून खालून शून्यं भरून कोरी करायची, हाही माझाच नियम. लोकांचं खाजगी आयुष्य माझ्या खणात पडून राहायला नको. काम संपल्यावर बरं वाटलं.

१९ फेब्रुवारी

बरं वाटलं असं काल लिहिलंय. ते खोडत नाही, शिक्षा म्हणून राहू दे.

सकाळी अकराला टोपी आले. टोपी हातात होती, डोक्यावर नव्हती. आईंनी खुर्ची दिली. बसले आणि म्हणाले, "ताई, माझा नकाशा गेला."

"कसला नकाशा?"

"सहा वर्षांचा." आईंनी पाणी दिलं. मग हळूहळू कळलं. निवृत्त झाल्यापासून हे गृहस्थ शहरातल्या बसायच्या जागांचा नकाशा करताहेत. बाकडी, कट्टे, पायऱ्या, दुकानांचे ओटे, पाराचा दगड. ज्याचे गुडघे दुखतात त्याला घरून निघून कुठेही जायचं तर वाटेत कुठे टेकता येईल, हे एका नजरेत दिसावं म्हणून. प्रत्येक जागेवर स्वतः बसून आलेत. "नऊशेच्या वर जागा झाल्यात. सावली कधी असते, पाठ टेकता येते का, नळ जवळ आहे का. सगळं लिहिलंय."

"आणि आठ दिवस तुम्हाला कळलं नाही?"

ओशाळले. "आठ दिवस मी तो फक्त चालू-बंद करत होतो. येईल त्याला दाखवायला. बारा सेकंद! आज कामाला बसलो, तर नकाशाच नाही. एका लहान मुलीचे फोटो आहेत. सायकलवर, पोहताना, दात पडलेली. ताई, माझं लग्नसुद्धा झालेलं नाही."

लॅपटॉप चालू करून आतला क्रमांक पाहिला. मग उलटा करून झाकणावरचा क्रमांक पाहिला. जुळत नव्हते. आत घाईंचं यंत्र, बाहेर टोपींचं झाकण, आणि झाकणावर आईंच्या अक्षरात 'टोपी'. खिडकीतून झाकणं उचलताना मी त्यांची अदलाबदल केली होती. सतरा वर्षं प्रयोगशाळेत प्रत्येक भिंगाला नंबर घातला, आणि इथे दोन झाकणं! आणि मान वळवायचा माझा तो थोर नियम! एकदा, फक्त एकदा त्या पडद्याकडे नीट बघितलं असतं तर फोटो दिसले असते. मी सभ्यपणे दुसरीकडे बघत होते.

जुन्या डिस्क कोऱ्या. नकाशाची एकच प्रत जगात उरलीय, ती घाईंकडे. आणि त्यांनी 'हा कसला कचरा' म्हणून पुसून टाकला असेल तर?

चिठ्ठ्यांचा डबा उपसला. 'घाई. पंखा ओरडतो. पाठ दुखते.' बस्स.

मी टोपींसमोरच आईंवर आवाज चढवला. "पाठ दुखते! आई, तिच्या पाठीला फोन लावू का मी? एक नंबर लिहायला काय होत होतं?"

त्या चिठ्ठ्या गोळा करून परत डब्यात भरू लागल्या. टोपीच म्हणाले, "त्यांना रागावू नका हो. मलाच प्रत काढून ठेवायला हवी होती." ज्याचं सगळं गेलं तो माणूस माझी समजूत काढत होता. लॅपटॉप आणि फोन नंबर ठेवून ते गेले, तेव्हा जिना उतरताना त्यांना दोनदा थांबावं लागलं.

दुपारी कॉलेजला पत्र लिहिलं: जागा स्वीकारते. ज्या बाईला दोन झाकणं सांभाळता येत नाहीत तिने लोकांची यंत्रं उघडू नयेत. परीक्षा विभागात निदान दोन माणसं प्रत्येक गोष्ट तपासतात. पाकीट बंद करून आईंकडे दिलं. संध्याकाळी त्या कोपऱ्यापर्यंत पाय मोकळे करायला जातात, तिथेच टपालपेटी आहे. मला स्वतः जायचं धैर्य नव्हतं.

"टाकाल ना आई?"

"टाकते हं," म्हणाल्या. सकाळच्या बोलण्याबद्दल माफी मागितली. म्हणाल्या, "कुठल्या बोलण्याबद्दल?" इतका मोठा अपमान त्या सहा तासांत विसरल्या. मला जास्तच वाईट वाटलं.

२० फेब्रुवारी

आज इतकं झालंय की क्रमाने लिहायला हवं.

सकाळी नवरा डबा घेऊन निघत होता. आईंनी त्याला दारात अडवलं. "काय रे, दर मंगळवारी चौथ्या मजल्यावर अडकते ती लिफ्ट कुठल्या इमारतीतली?"

"तशा तीन आहेत."

"ज्या इमारतीत खाली शिवणयंत्रांचं दुकान आहे ती."

"ती होय! जुन्या थिएटरामागची. तिला नवा दोर हवाय, सोसायटी ऐकत नाही. का गं?"

आई उत्तर न देता चपला घालून निघाल्या. मी म्हटलं, "आई, कुठे?" म्हणाल्या, "तू दार बघ. एक दिवस बघ."

मी दारात बसले. दीड तासात चार माणसं आली, आणि चौघांनीही आधी "आजी कुठायत?" असं विचारलं. एकाने लॅपटॉप माझ्याकडे द्यायला नकार दिला. म्हणाला, "नंतर येतो, त्यांना माझं सगळं माहितीय." लोक इतके कसे अडून बसतात!

टोपींना मी बोलावून घेतलं होतं, निदान त्यांचं झाकण तरी परत द्यावं म्हणून. ते येऊन बसले आणि पाच मिनिटांत जिन्यावर आवाज. "बसणार नाही हं मी, घाईत आहे." आई पुढे, घाई मागे, घाईंच्या छातीशी लॅपटॉप.

मी उठून हात जोडले आणि रात्रभर जुळवलेलं माफीचं वाक्य सुरू केलं. कुणी ऐकलं नाही.

"नकाशा कुणाचा आहे?" घाईंनी विचारलं.

टोपी उभे राहिले. "माझा. आहे? पुसला नाहीत ना?"

"पुसते कशाला? पण मला एक सांगा. उत्तरेचा बाण खाली डाव्या कोपऱ्यात कोण काढतं?"

टोपी हळूच म्हणाले, "मी काढतो."

"तेवीस वर्षं! तेवीस वर्षं मी प्रत्येक कागदावर लाल पेन्सिलीने लिहून खाली पाठवत होते: बाण वर उजवीकडे. आणि दर वेळी पुढच्या कागदावर तो परत खाली डावीकडे!"

"थांबा, थांबा. तिसरा मजला? ती लाल पेन्सिल तुमची?"

"माझी."

"अहो, मी तुम्हाला पुरुष समजत होतो! मिशा असलेला, पोट सुटलेला. तळमजल्यावर आम्ही तुम्हाला काय म्हणायचो ते सांगत नाही."

"सांगाच."

"रक्तपिपासू."

आई इतक्या हसल्या की खुर्चीचा हात धरावा लागला. घाई मात्र हसल्या नाहीत, पण त्या बसल्या. पहिल्यांदा. लॅपटॉप उघडला आणि आम्हाला दाखवला. मी सवयीने मान वळवली. घाई म्हणाल्या, "बघा हो, तुम्हाला नाही तर कुणाला दाखवू?" म्हणून पाहिलं.

सगळं शहर होतं. बारीक राखाडी रेषांत गल्ल्या, आणि त्यावर निळे ठिपके. ठिपक्यावर बोट ठेवलं की अक्षरं. 'पोस्टाची तिसरी पायरी. सकाळी सावली. दोघांना पुरते.' 'बागेचा मागचा कट्टा. कुत्रा झोपलेला असतो, ओळख झाली की सरकतो.' 'दवाखान्यासमोरचा ओटा. मालक बसू देतो, पण राजकारण ऐकावं लागतं.' आणि या सगळ्यावर लाल. दोनशे चौदा ठिकाणी लाल खुणा.

"पहिल्या दिवशीच कळलं हे माझं यंत्र नाही," घाई म्हणाल्या. "परत आणून देणारच होते. पण एक चूक दिसली. ग्रंथालयाची पायरी तुम्ही रस्त्याच्या या बाजूला दाखवलीत. म्हटलं एवढी दुरुस्त करून देऊ. मग दुसरी दिसली." त्यांनी पडदा थोडा टोपींकडे वळवला. "निवृत्त झाल्यापासून मला तपासायला कुणी काही दिलं नव्हतं हो."

टोपी वाकून लाल खुणा बघत होते. एक, दोन, पाच. "हे बाकडं हललं का तिथून?"

"मागच्या वर्षी. मी जाऊन बघून आले. चाळीस जागा बघून आले. पाठ दुखते म्हणून डॉक्टर म्हणतात बसू नका, चाला. तर चालते."

"आणि मला म्हणतात चालू नका, बसा."

मग ते दोघं माझ्या कामाच्या टेबलाशी चार तास बसले. मी बाजूला जमिनीवर बसून झाकणं बदलली, बावीस स्क्रू मोजून लावले, आणि तेवढ्या वेळात ग्रंथालय, जुनं थिएटर आणि नदीकाठ या तीन भागांवरून तीन भांडणं झाली. घाईंनी आपल्या भाचीच्या मुलीचे फोटोही टोपींना एकेक करून समजावले. टोपींनी सांगितलं, "दात पडलेला मला सगळ्यात आवडला."

मी आईंना विचारलं, "तुम्हाला त्यांची इमारत कशी माहीत?"

"तिनेच सांगितलं ना, लॅपटॉप द्यायला आली तेव्हा. लिफ्ट अडकते, खाली शिवणयंत्रं घडघडतात, म्हणून तर पंख्याचा आवाज तिला तिथे सहन होत नाही."

"मग हे चिठ्ठीत का नाही लिहिलं?"

"लक्षात असतं ते कशाला लिहायचं?"

चिठ्ठीच्या पद्धतीबद्दल अजूनही माझं मत कायम आहे. थोडं कमी कायम आहे.

२३ फेब्रुवारी

दोघांनाही स्वतंत्र माफीपत्रं दिली. टोपींनी घडी करून खिशात ठेवलं. घाईंनी तिथल्या तिथे वाचून लाल पेन्सिलीने दोन स्वल्पविराम खोडले आणि परत दिलं. "'अक्षम्य' काढा. मी क्षमा केलीय, मग ते चूक ठरतं."

रोज दुपारी येतात. टेबलाच्या खिडकीकडच्या टोकाला त्यांचा नकाशा, दाराकडच्या टोकाला माझे उघडे लॅपटॉप. मधे आईंची खुर्ची आलीय. दारातलं वारं बाधतं म्हणतात. बाणाचा तह झाला: बाण वर जाईल, पण डावीकडेच.

आज एक अकरा वर्षांचा लॅपटॉप आला, बिजागरी तुटलेली. तीन जणांनी मला सल्ले दिले. मी एकही मानला नाही आणि तो उठला. आई ओरडल्या, मागून ते दोघंही ओरडले. मी टेबलावरून मान वर केली आणि क्षणभर मला काय होतंय तेच कळेना. मग आठवलं की कॉलेजला पत्र गेलंय. एक तारखेपासून हे सगळं नसेल. पण शब्द दिलाय. सही केलीय.

कुणाला काही सांगितलेलं नाही. दोघांना नकाशासाठी दुसरं टेबल शोधून द्यायला हवं.

२५ फेब्रुवारी

टेबल पाहिलं. पसंत पडलं नाही. खरं म्हणजे टेबल चांगलं होतं.

२७ फेब्रुवारी

दुपारी टाचण्या हव्या होत्या म्हणून आईंच्या चिठ्ठ्यांच्या डब्यात हात घातला. तळाशी, छापील तक्त्यांच्या गठ्ठ्याखाली, माझं पाकीट. कॉलेजचा पत्ता, माझं अक्षर, तिकीट लावलेलं. एकोणीस तारखेला दिलेलं.

मी ते हातात धरून उभी राहिले. राग यायला हवा होता. त्याऐवजी टोपींच्या नकाशात नसलेल्या एका जागी, म्हणजे चपलांच्या मांडणीवर, मी बसले.

"आई, हे टाकायचं राहिलं?"

त्यांनी चष्मा सारखा करून पाकिटाकडे पाहिलं. "अगं बाई! राहिलंच की. विसरले बघ."

"आठ दिवस?"

"वय झालं गं आता."

घाई नकाशावरून मान वर न करता म्हणाल्या, "होतं असं." टोपींना एकाएकी खोकला आला.

क्षणभर माझ्या मनात एक शंका येऊन गेली. लिहिते, कारण या वहीत खोटं लिहायचं नाही: आईंनी मुद्दाम तर नाही ना ठेवलं? लगेच स्वतःची लाज वाटली. ज्यांनी स्वतःच्या तोंडाने 'घे' म्हणून सांगितलं, ज्या माझ्यासाठी झोप सोडून दारात बसतात, त्यांच्याबद्दल असा विचार! मनातल्या मनात माफी मागितली.

मुदत उद्यापर्यंत आहे. म्हणजे नियतीने नाही तर नाही, विस्मरणाने का होईना, मला पुन्हा विचारलं: घेतेस का? टेबलावर अकरा वर्षांचा तो बिजागरीवाला बारा सेकंदांत उठून शांत बसला होता. मी जुनं पत्र फाडलं आणि चार ओळींचं नवं लिहिलं. आभारी आहे, जागा स्वीकारू शकत नाही, मला दुसरं काम आहे. अक्षर चांगलं आलं. घाईंनी तपासलं. एकही लाल खूण नाही.

टपालाने आता वेळेत पोचणार नाही, कॉलेजच्या कार्यालयात हातीच द्यायला हवं होतं. मी चप्पल शोधते तोवर आईंनी पत्र माझ्या हातातून घेतलं. "मी देते." कॉलेज तीन थांबे दूर आहे. टोपींनी वाटेतल्या बसायच्या दोन जागा सांगितल्या. आईंना कुठेही बसावं लागलं नाही. तासाभरात परत, हातात पत्र पोचल्याची शिक्का मारलेली पावती, आणि कार्यालयातल्या कारकून बाईंचा बंद पडलेला लॅपटॉप. चिठ्ठी वाटेतच लिहून झाली होती: 'शिक्का. बॅटरी फुगली. स्वभावाने बरी.'

मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "उघड की! बघत काय बसलीस?" उघडला. बॅटरी खरंच उशीसारखी फुगलेली. संध्याकाळी नवरा घरी आला तर आई गुणगुणत होत्या, घाई बसलेल्या होत्या आणि मी हसत होते. त्याने सगळं ऐकलं, आईकडे पाहिलं, आईने त्याच्याकडे पाहिलं, आणि तो पाणी प्यायला आत गेला तो बराच वेळ बाहेर आला नाही. आतून त्याला ठसका लागल्यासारखा आवाज येत होता.

मी फार आनंदात आहे. इतकी की मला संशय येतोय, काहीतरी नजरेआड होत असणार. आणि ते होतंयच. आई एक पत्र आठ दिवस विसरतात, आणि दुसरं तासाभरात पोचवतात. म्हणजे विस्मरण कधी होतं, कधी होत नाही. हे सुरुवातीचं लक्षण असू शकतं, आणि मी स्वतःच्या स्क्रूंमध्ये गुंतून त्याकडे दुर्लक्ष केलं.

उद्याचं काम: आईंच्या विस्मरणासाठी डॉक्टरांची वेळ घेणे.